आई, यंदा हरणांना पोळी नाही

स्टेटन आयलंड, 9 मार्च

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, विम्याचंही झालं. बाबांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी हातातल्या बॅगेत ठेवा. बाकी जे फोनवर बोलवत नाही ते लिहून कळवते, कारण फोनवर असलं काही निघालं की आई लगेच फोन बाबांकडे देते.

आई, यंदा हरणांना पोळी घालायची नाही.

गेल्या खेपेला तू रोज सकाळी मागच्या पायरीवर उभी राहून त्या मादीला शिळ्या पोळीचे तुकडे टाकायचीस. जूनमध्ये ती दोन पिल्लं घेऊन आली, तेव्हा तू मला झोपेतून उठवलंस. मीही फोटो काढून ग्रुपवर टाकले. न्यूयॉर्क राज्यात हरणांना खायला घालायला कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तुझा चेहरा बघून गप्प बसले.

या बेटावर 2008 मध्ये 24 हरणं मोजली होती. 2014 च्या हवाई मोजणीत 763 निघाली आणि 2017 चा अंदाज दोन हजारांच्या घरात गेला. पहिली आली ती न्यू जर्सीकडून, खाडी पोहून. इथे लांडगा उरलेला नाही, न्यूयॉर्क शहराच्या हद्दीत, म्हणजे या बेटावरही, शिकारीला बंदी, आणि दारोदारच्या बागांत ट्यूलिप नि होस्टाच्या झाडांची ताटं वाढलेली. खाऊन-पिऊन सुखी मादी बहुतेक दरवर्षी जुळी देते.

मग शहराने काय केलं, तर नरांची नसबंदी! बाबा, हसू नका. 2016 मध्ये सुरू झालं. भुलीचं इंजेक्शन बंदुकीने मारायचं, जागेवरच शस्त्रक्रिया, कानात नंबराचा बिल्ला, आणि सोडून द्यायचं. पहिल्याच मोसमात सातशेच्या वर नर झाले. मला हे जरा उलटंच वाटत होतं, कारण एक नर सुटला तरी तो कितीतरी माद्यांना पुरतो. शिवाय गाभण न राहिलेली मादी पुन्हा पुन्हा माजावर येते, आणि नर तिच्यामागे रस्त्यांवरून धावत सुटतात. पण हे बेट आहे, बाहेरून भर फारशी पडत नाही, त्यामुळे पिल्लं निम्म्याहून कमी झाली. तरी हरीण दहा-दहा वर्षं जगतं. गोळी घातली असती तर काम लवकर उरकलं असतं, असं मला हल्ली वाटतं. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन गावात 2001 पासून तसंच करत आलेत. तिथेही लोक एकमेकांशी खूप भांडले.

तुम्ही म्हणाल, पोरगी निर्दय झाली. बाबा, आपल्या बागेत वानर आले की तुम्हीच गलोल घेऊन धावता, आणि इथे मात्र ‘खाऊ दे गं बिचाऱ्याला’! त्या वेळी तुमची मेथी सशाने खाल्ली असं ठरलं होतं ना? सशाने खाल्लेला देठ सुरीने कापल्यासारखा तिरका दिसतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून देठाच्या चिंध्या होतात. तुमच्या मेथीच्या चिंध्याच झाल्या होत्या.

आता खरं ते सांगते. तुम्ही गेल्यावर, जुलैत, ओमच्या गुडघ्यामागे लाल गोल चट्टा उठला, मध्ये फिका आणि कडेने पुन्हा लाल. लाइम निघाला, गोचीड चावून होणारा आजार. वेळेत औषध मिळालं, तीन आठवड्यांत पोरगा ठणठणीत. तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही.

तुझ्या पोळीने झालं असं नाही, आई, आधीच सांगते. तो जंतू गोचिडीला मिळतो उंदरांकडून, हरणाकडून नाही. पण अंडी घालायच्या आधी मोठ्या गोचिडीला रक्त लागतं, आणि ते ती बहुतेक हरणावरच पिते. हरणं पायरीपाशी आली की गोचिडीही पायरीपाशी येतात. पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि तिचा जोर मे ते जुलै, म्हणजे नेमका तुमचा मुक्काम.

म्हणून दोघांसाठी पांढरे लांब मोजे घ्या, पांढऱ्यावर ती दिसते. गवतातून आलात की अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत चाचपायचं. बाबांच्या पाठीला आई बघेल.

बाबा, बियाणं आणू नका, विमानतळावर काढून घेतात. मेथी इथे मिळते. यंदा वाफ्याला आठ फुटी जाळी मारून घेतली आहे, त्याहून बुटकी असली तर हरणं सहज ओलांडतात. ती मादी अजून येते, परवा बिल्लेवाला एक नर तिच्या मागे उभा होता.

शिळ्या पोळ्यांचा कुस्करा कर, आई. ओमला आता आवडायला लागलाय, पण माझ्या हातचा नाही.

तुमची,
मनू