पुष्पचक्राआधी डिस्चार्ज बुक उघडा

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

विषय: वृद्ध माजी सैनिकांच्या कौटुंबिक नोंदी त्यांच्या हयातीतच दुरुस्त करण्याबाबत

मा. महोदय,

1965 आणि 1971 ची लढाई पाहिलेली पिढी एकेक करून जाते आहे. साताऱ्याचे अपशिंगे असो की शिरोळची सैनिक टाकळी, कुणी गेले की चौकात फलक लागतो, शोकसभा होते. भाषणांत लढाई असते. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर त्या माणसाने पुढची चाळीस वर्षे शेतीत, मुलींच्या लग्नांत, एखाद्या अपंग मुलाचे न्हाऊमाखू करण्यात घातली, त्यावर फारसे कुणी बोलत नाही. न का बोलेनात. पण ज्यांच्यासाठी तो राबला त्यांची नावे लष्कराच्या कागदावर बरोबर आहेत का, एवढे त्याच्या डोळ्यांदेखत तपासले जावे, म्हणून हे पत्र. माजी सैनिकांच्या घरचे कागद आम्ही नेहमी हाताळतो. अडते कुठे, ते आम्हाला ठाऊक आहे.

पहिली अडचण नावाची. भरतीच्या वेळी कारकुनाने लिहिले ते नाव. अनेकांचे आडनावच लिहिले गेले नाही: लष्करात ‘पांडुरंग गणपत’, आधारवर ‘पांडुरंग गणपत शिंदे’. पत्नीचे हाल त्याहून वाईट. माहेरचे नाव वेगळे, लग्नात ठेवलेले वेगळे, त्यात ‘बाई’ कधी लागते, कधी गळते. डिस्चार्ज बुकात (लष्करातून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत) लक्ष्मी, पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) लक्ष्मीबाई, आधारवर सुमन. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या कृपेने 1 जून. पूर्वी बँकेतून पेन्शन मिळे तेव्हा ओळखीपाळखीवर काही निभावून जाई. आता संरक्षण खात्याच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीतून पेन्शन येते आणि नाव जुळले नाही की पतीमागे पत्नीने केलेला पेन्शनचा अर्ज परत येतो.

पतीच्या हयातीत ही दुरुस्ती त्यामानाने सोपी असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचे आधार, एकत्र फोटो, ‘ही एकच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र आणि नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत, एवढे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्याच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. तिथे नोंद झाली की कागद प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात जातो आणि सुधारित पीपीओ निघतो. पत्नी कोण, हे सांगायला सैनिकाची सही असते. तो गेल्यावर तेच तिला सिद्ध करावे लागते. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदणी नाही, भटजी नाहीत, साक्षीदार नाहीत. पहिली पत्नी स्टॅम्प पेपरवरच्या सोडचिठ्ठीने वेगळी झालेली असेल तर आणखी कठीण. रेकॉर्डात तिचेच नाव राहते, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय ते सहसा निघत नाही.

अपंग मुलाची गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खटकते. कमावू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. घरोघरी हे माहीत नसते, कारण मूल 25 वर्षांचे झाले की हक्क संपला अशीच सर्वांची समजूत. वडिलांनी हयातीत वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र काढून मुलाचे नाव पेन्शनच्या नोंदीत चढवले, तर पुढचे सगळे सुकर होते. मतिमंद मुलासाठी पालक नेमायचा तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची समिती प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. सैनिक कल्याण कार्यालयातून अशी प्रकरणे तिथे आपणहून जायला हवीत. आज बहुधा नातेवाईकच धावाधाव करतात.

मृत्यूनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत दोन चुका हटकून होतात. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. ती रेशनकार्डावरच्या नावाने होते आणि लष्करातल्या नावाशी जुळत नाही. नोंद करतानाच पीपीओची प्रत समोर ठेवली तर हे टळते. नंतर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्ती होते, पण तिला वेळ लागतो. दुसरी चूक पैशाची. मृत्यू कळवला नाही तर पेन्शन खात्यात येतच राहते, दिवसकार्यासाठी मुलगा एटीएममधून काढतो, आणि पुढे ती रक्कम विधवेच्या पेन्शनमधून कापली जाते. ज्या बाईला साधारण दराने, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के, मिळणार, तिला ही कपात फार जड जाते.

पेन्शन हा केंद्राचा विषय आहे, हे उत्तर आम्ही ऐकलेले आहे. पण अडवणारे बहुतेक कागद राज्याचेच आहेत: मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, शाळेचा दाखला, राजपत्र, सिव्हिल हॉस्पिटलचे अपंगत्व प्रमाणपत्र. तेव्हा मागणी सरळ आहे. प्रत्येक तालुक्यात 75 वर्षांवरील माजी सैनिकांची यादी सैनिक कल्याण कार्यालयाच्या कल्याण संघटकाने करावी आणि ज्याला चालवत नाही त्याच्या घरी जावे. तहसीलला ठरावीक दिवशी एकाच टेबलावर कल्याण संघटक, ग्रामसेवक आणि प्रतिज्ञापत्र घेणारा अधिकारी बसावेत. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून सैनिकाचे नाव, पत्नीचे नाव, तिची जन्मतारीख आणि अपत्यांची नावे, एवढेच ताडून पाहावे. फरक दिसला तर अर्ज तिथेच भरून, सैनिकाची सही वा अंगठा घेऊन, पोहोच त्याच्या हातात द्यावी. डिस्चार्ज बुक हरवलेले असेल तरी सैनिकाचा नंबर घेऊन रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येते. नंबर फौजी कधी विसरत नाही, त्याच्या घरच्यांना मात्र तो क्वचितच माहीत असतो. म्हणून तोही त्याच दिवशी पत्नीच्या नावाच्या कागदावर लिहून द्यावा.

येत्या 7 डिसेंबरला सैनिकांच्या कल्याणासाठीच्या ध्वजदिन निधीचे संकलन सुरू होईल. त्याआधी निदान एका जिल्ह्यात हे करून पाहावे, ही विनंती.

आपले,
माजी सैनिक कुटुंबांच्या कागदपत्रांचे काम करणारे कार्यकर्ते