उशीचं खरं सांग

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र वाचलं. गुडघा बदलायच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, एक्स-रे 'एकदम छान', तरी गुडघा 70 अंशांपुढे वाकत नाही. अरे, माझंही हेच झालं होतं.

एक्स-रेत दिसतो धातू आणि हाड. आपल्याला छळतात ते स्नायू, स्नायुबंध आणि सांध्याचं आवरण, त्यांची खबर तिथे लागत नाही. माझ्या गुडघ्यात आतून चिवट तंतू वाढून सगळं चिकटलं होतं. डॉक्टर त्याला आर्थ्रोफायब्रोसिस म्हणाले. त्यात भर माझ्या उशीची. रात्री ठणकायचं म्हणून ती गुडघ्याखाली घ्यायचो. बरं वाटायचं रे! पण पाय सरळच होईना. फिजिओथेरपिस्टनं मला पलंगावर आडवं केलं आणि गुडघ्याखालून हात आरपार घालून दाखवला. उशी त्याच दिवशी टाचेखाली गेली.

शेवटी आठव्या आठवड्यात भूल देऊन गुडघा वाकवून घेतला. चिरफाड नाही, टाके नाहीत. हे साधारण पहिल्या 12 आठवड्यांत केलेलं बरं. पुढे चिकटलेलं घट्ट होतं, मग जोर लावताना हाड मोडायची भीती. भुलेत 110 अंश वाकलेला गुडघा दुसऱ्या दिवशी सुजून 90 वर आला, तेव्हा मी चक्क रडलो. तुझी वहिनी घड्याळ घेऊन समोर बसायची : आधी गोळी, अर्ध्या तासानं व्यायाम, मग बर्फ. दिवसातून चारदा. जिना नीट चढायला 90 तरी लागतातच.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं ना? त्वचेची बारीक नस कापली जाते, त्याचं मनावर घेऊ नकोस. नुसता टकटक आवाजही चालतो. पण काही महिन्यांनी पाय सरळ करताना वाटी अडकून दुखरा 'खट्' झाला, तर सांग डॉक्टरांना. वाटीच्या वर गाठ धरते कधीकधी, दुर्बिणीतून काढता येते. पंजा वर उचलेना, धडपडल्यावर सरळ पाय उचलता येईना, जखमेतून पाणी झिरपलं किंवा पोटरी सुजून दुखली, तर मात्र माझ्या पत्राची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आणि 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर उठून येऊ नकोस. किती वाकतो, किती सरळ होतो, दोन्ही मोजायला लाव.

ते आकडे मला कळव. आणि उशीचं खरं सांग.

तुझाच,
दिनू