आधी मागचा शॉक मोजून पाहा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. उभ्या चढावर पुढचे चाक उचलले जाते, हँडलबार भरकटतो, आणि डोंगरवाटांची तीच सायकल उतारावर मात्र आपल्याला पुढे फेकून देईल अशी धास्ती वाटते, असे तू लिहिले आहेस. यावर उपाय म्हणून नवी सायकल घेण्याचे तुझ्या मनात आहे, हे वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो. तो विचार महिनाभर बाजूला ठेव, ही माझी कळकळीची विनंती. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध दिसत असल्या, तरी दोन्हींचे मूळ एकच असावे असे मला वाटते. खडबडीत वाटेवर हादरे बसू नयेत म्हणून मागचा शॉक (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग) आणि पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा दुहेरी दांडा) या दोन्हींतली हवा तू कमी केलीस, असे तूच पत्रात ओघाने लिहून गेला आहेस.

चढावर शरीराचा भार मागच्या चाकाकडे सरकतो. शॉक मऊ असला की मागची बाजू आणखी बसते, तिच्याबरोबर सीटही मागे झुकते, आणि पुढच्या चाकावर इतका कमी भार उरतो की ते जमीन धरून राहत नाही. उतारावर ब्रेक दाबताच भार पुढे येतो, मऊ फोर्क खोलवर बुडतो आणि नेमक्या तीव्र जागी सायकल नाक खाली घालते. मी स्वतः एक संपूर्ण हंगाम असाच काढला आणि दोष माझ्या पायांतल्या ताकदीचा आहे असे समजत राहिलो, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

तेव्हा सर्वांत आधी सॅग मोज, म्हणजे तुझ्या नुसत्या वजनाने सस्पेन्शन, अर्थात शॉक आणि फोर्क, किती दबते ते पाहा. हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली पाठपिशवी असा सगळा जामानिमा अंगावर असू दे, शॉकचा लिव्हर (शॉक घट्ट किंवा मोकळा करणारी खटकी) पूर्ण उघडा ठेव, कोणाला तरी सायकल धरायला सांग, नेहमीसारखा बस आणि शॉकच्या दांड्यावरची रबरी कडी सीलपर्यंत, म्हणजे दांडा जिथे आत शिरतो तिथवर, सरकवून हलकेच खाली उतर. कडी जितकी सरकली असेल, ते अंतर मोजायचे. मागे २५ ते ३० टक्के सॅग डोंगरवाटांच्या बहुतेक (ट्रेल) सायकलींना मानवतो. मात्र हे टक्के चाकाच्या हालचालीचे नव्हेत, तर शॉकच्या स्ट्रोकचे, म्हणजे शॉक पूर्ण दबताना जेवढा आत जातो त्या अंतराचे, असतात, आणि इथेच अनेकांची गफलत होते. तुझ्या शॉकचा स्ट्रोक ५० मिलिमीटर असेल, तर कडी १२.५ ते १५ मिलिमीटर सरकायला हवी. फोर्कला १५ ते २० टक्के पुरेत, म्हणजे १४० मिलिमीटरच्या फोर्कवर २१ ते २८ मिलिमीटर, आणि तो सॅग उभे राहून मोजावा. थोडी थोडी हवा भरत जा आणि दर वेळी सस्पेन्शन आठ-दहा वेळा दाबून घे, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब समान होईल.

हवा वाढवलीस की रिबाउंडही, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याचा वेगही, पुन्हा लावावा लागेल, कारण अधिक दाबाची स्प्रिंग अधिक जोराने परतते. सीटवर बसून एखाद्या बुटक्या पायरीवरून सावकाश खाली उतर. सायकल एकदा वर येऊन शांत झाली, तर रिबाउंड ठीक आहे. ती डुलत राहिली तर रिबाउंडची फिरकी एक-दोन क्लिक कमी वेगाकडे फिरव. शॉकचा चढाचा लिव्हर गुळगुळीत रस्त्यावर अवश्य बंद कर, पण दगडगोट्यांच्या चढावर तो उघडा ठेवलेलाच बरा, कारण तिथे पेडल मारताना होणारी थोडी उसळी परवडते, मागच्या चाकाची सुटलेली पकड मात्र परवडत नाही.

यानंतर सीट. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकली, तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून पेडल मारताना गुडघ्यात योग्य तेवढा बाक उरतो. ही उंची जमली की सीट ५ मिलिमीटर पुढे सरकव आणि तिचे टोक एक-दोन अंश खाली झुकव. उभ्या चढावर एवढ्यानेही पुढचे चाक बरेच स्थिर होते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले, तर मात्र ती निमूटपणे मागे घे.

उतारासाठी तुझ्याकडे ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालत्या सायकलवर सीट खाली-वर करू देणारा सीटचा दांडा, आहेच. तो उतार सुरू होण्याआधी दाबत जा. १९८४ साली जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी सीटपोस्टला लावायची 'हाइट-राइट' नावाची साधी स्प्रिंग आणली, तीही याच गरजेतून, आणि त्यांची ती कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. सीट खाली गेली म्हणून स्वतः अगदी मागे जाऊन लटकू नकोस. छाती खाली, कंबर वाकलेली आणि भार दोन्ही पायांवर, असा मधोमध उभा राहा, नाहीतर पुढच्या टायरची पकड जाईल आणि वळणावर ते घसरेल.

टायरविषयी एवढेच, की पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा कमी ठेव. चढाला पाय कमी पडत असतील, तर ३२ दात्यांच्या चेनरिंगऐवजी (पेडलजवळच्या दातेरी चकतीऐवजी) ३० दात्यांची लाव. सगळे गिअर सुमारे सहा टक्के हलके होतील.

हँडलबारची उंची मुद्दामच शेवटी ठेवली आहे. तो खाली घेतला की चढाला मदत होते आणि तीव्र उतारावर धीर कमी होतो, वर घेतला की नेमके उलट. म्हणून बाकी सगळे जुळल्याखेरीज त्याला हात लावू नकोस, आणि लावलास तर एका वेळी ५ मिलिमीटरचा एकच स्पेसर (हँडलबारची उंची ठरवणारी कडी) हलव. एका दिवशी एकच बदल, तोच चढ, तोच उतार, आणि घरी आल्यावर वहीत नोंद, हा नेम मात्र मोडू नकोस.

हवा भरण्यापूर्वीचा सॅग मागे-पुढे किती निघाला आणि भरल्यानंतर किती झाला, ते आकडे मला पुढच्या पत्रात कळव. हँडलबारचे काय करायचे, ते त्यावरूनच ठरवू.

तुझा मित्र