आखाजीला येत नाही, त्याबद्दल

ती. आई आणि आप्पा यांना सा. न.

हे फोनवर सांगायचं होतं. तीनदा लावला. एकदा आई कैऱ्यांचंच बोलत राहिली, एकदा आप्पांनी "आईला देतो" म्हणून ठेवूनच दिला, तिसऱ्यांदा मीच घंटी वाजायच्या आत बंद केला. म्हणून पत्र. आप्पा, मोठ्यानं वाचून दाखवा. आईला डोळे ताणायला लावू नका.

तर, या आखाजीला मी येत नाहीये.

रागावू नका, आधी सगळं ऐका. मी कापड बघायला चालले आहे. विकत घ्यायला नाही, कसं होतं ते बघायला. आधी येवल्याला पैठणीच्या मागांवर, तिथून अहमदाबाद, मग कच्छ. वीस दिवसांची रजा मंजूर झाली आहे, तिकिटं काढून झाली आहेत. ह्यांची हरकत नाही, चिनूची परीक्षा संपली आहे. भुजपर्यंत ऑफिसातली एक मैत्रीण सोबत आहे, त्यामुळे धुळ्याच्या वेळेसारखं काही होणार नाही. वैशाखात कच्छला कोण जातं, हा आप्पांचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. पण मार्चअखेर उरकल्याशिवाय बँकेत रजेचं नाव काढता येत नाही. आणि खान्देशातल्या पोरीला उन्हाचं भय कुणी घालावं?

तारखा आखाजीवरच का आल्या, तेही सांगते. अहमदाबादला कॅलिको म्युझियम आहे, १९४९ सालचं, साराभाई घराण्यानं उभं केलेलं. पाटणची पटोळी, मोगलांचे तंबू, देवामागं लावायच्या पिछवाया, सगळं तिथं जपून ठेवलंय. पण आधी नोंदणी लागते आणि एका वेळी मोजक्याच माणसांना आत घेतात. आम्हाला मिळाली ती नेमकी त्या आठवड्यातली. पुढची मागितली असती तर मिळाली असती कदाचित. मी मागितली नाही. हे खरं तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आता दुसरी गोष्ट. आई, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतली अर्धी गोधडी उंदरांनी नेली नाही. मी नेली. दिवाळीत, तू झोपली होतीस तेव्हा. कामवाल्या मावशींना काही बोलली असशील तर आधी जाऊन ते निस्तर.

त्या दुपारी तू ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत होतीस. मी आतून बघत होते. पाच-सहा वेळा तू दोऱ्याचं टोक तोंडात ओलं केलंस, मग सुई उशीत खोचलीस आणि गोधडीची घडी घालून उठलीस. मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी दोरा ओवून दिला असता, पण पुढचा टाका मला आला नसता. लहानपणी सुई हातात घेतली की तू काढून घ्यायचीस. "तू पुस्तक धर, टाके मी घालते." म्हणून पुस्तक धरलं. बँकेत लागले, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या ठेवी मोजल्या. त्याबद्दल तक्रार नाही, तुझ्यामुळेच झालं ते. फक्त अर्धी गोधडी उलगडून बसले आणि कळलं की माईच्या लुगड्याच्या काठापाशी तुझा धावदोरा थांबलाय आणि पुढं काय करायचं ते मला ठाऊक नाही.

तू म्हणशील, "चिंध्या दखाले इतली दूर कसाले जास माय? मना पासे ये ना." मला ठाऊक होतं, तू हेच म्हणशील. आत्ता तुझ्यापाशी शिकायला बसले तर तू दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा काळा चष्मा काढून टाकशील. एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं पावसाळ्याआधी व्हायचंय. तोवर सुईला हात लावायचा नाही. कच्छमध्ये आपल्या गोधडीला धडकी म्हणतात, जुन्याच कापडाचे थर, तसाच धावदोरा. तिथल्या बायकांजवळ बसून हात बसवून घेते, मग तुझ्यापुढं बसते. चुकलं तर उसवायला तू आहेसच.

आप्पा, तुमच्यासाठीही त्या वाटेवर एक गोष्ट आहे. भुजजवळ कुकम्याला खमीर नावाची संस्था आहे. तिथं काला कापूस म्हणून जुनी देशी कपाशी पुन्हा वापरात आणली आहे. नुसत्या पावसावर येते, पाणी द्यायला नको, फवारणी नको. उतारा किती, हे तुम्ही विचारणारच. कमी. धागाही आखूड, गिरणीला न परवडणारा. पण हातमागावर चालतो. १९७० साली सुरतेहून संकर-४ निघालं तेव्हा आजोबांनी देशीचं बी मोडायचं नाही म्हणून घातलेला गोंधळ तुम्ही सांगायचात, आणि २००२ नंतर बीटी आलं तेव्हा तुम्हीच सगळ्यांत आधी पाकिटं आणलीत. तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये मी. त्या पैशांत आमची शिक्षणं झाली. तुमच्या पाठीवरचा पंप आठवतो, इतकंच. मूठभर बोंडं मिळाली तर आणते. सरकी तुम्हीच दातानं फोडून बघा.

अजरखपूरलाही जाणार आहे. ते गावच २००१ च्या भूकंपानंतर वसलं. धमडक्याचं पाणी भूकंपानंतर बदललं, त्यात लोह वाढलं, रंग मनासारखे येईनात, म्हणून खत्री छापकारांची बरीच घरं उठून इकडे आली. हिरड्यात बुडवायचं, लाकडी ठशांनी दोन्ही बाजूंनी छापायचं, निळीत घालायचं, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा तेच. काळा रंग कसा करतात, माहितीये? भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कितीतरी दिवस आंबत ठेवतात आणि तो दाट करायला चिंचोक्याचं पीठ. आई, चिंचोके! अशाच वैशाखातल्या दुपारी, खाटेखाली, तुझ्या पदराचं टोक धरून मी चिंचोके मोजायचे आणि तू झोपेतच म्हणायचीस, "गिळू नको." हे वाचलं तेव्हा ऑफिसात एकटीच हसत होते. नंतर रडले थोडी, पण ते सोडा.

आखाजीची काळजी करू नका. दादा-वहिनी सुरतेहून दोन दिवस आधी येताहेत, मी बोलले आहे. घागर वहिनी भरेल. आईनं खापरावर पुरणपोळ्या करायला बसायचं नाही, वाफ डोळ्यांवर येते. दोन-चार विकत मिळतात, नाव ठेवत खाल्ल्या तरी चालतील. आप्पांनी रस एक वाटी. दुसरी वाटी कुणी बघत नसताना घेतलेलीही साखरेत दिसते, मागच्या रिपोर्टात दिसलीच. कूलरचं गवत बदलायला माणूस सांगितलाय, पैसे दिलेत, पुन्हा देऊ नका. बीपीची गोळी सकाळची, डोळ्यांचे थेंब चार वेळा, दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहून दादाजवळ पाठवते. दुपारी शेतावर जायचं नाही. "जरा बांधावरून" हेसुद्धा शेतच.

निंबाला झोका मात्र बांधा. चिनू येईल पुढच्या वर्षी.

परतताना थेट घरी येते आणि मग आपण तिघं गाडी करून महेश्वरला. हे ठरलंय, नाही म्हणू नका. शिरपूरवरून बिजासनीचा घाट ओलांडला की फार लांब नाही. आई, अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून तिथं वसवले, किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी अजून साडीच्या काठात विणतात. किल्ल्याच्या आवारातच रेहवा संस्थेचे माग आहेत, बाया विणतात, बसून बघता येतं. घाटाला पायऱ्या फार. आप्पांनी वर बसायचं, तुला मी हात धरून नर्मदेत उतरवते. तोवर गोधडीतला एकेक तुकडा कुणाचा ते आठवून ठेव. माईचं लुगडं मला ओळखू आलं. जांभळ्या ठिपक्यांचं कुणाचं?

एक राहिलंच. येवल्याहून जळगावला येऊन अहमदाबादची गाडी धरणार आहे, म्हणजे ती अमळनेरवरूनच जाईल. शुक्रवारी, पहाटे. मी उतरणार नाही. उतरले तर पुढं जाणं होणार नाही, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आप्पा, स्टेशनवर यायचं नाही. अंधार असतो, जिन्याचे गुडघ्याला हाल होतात. आणि येणारच असाल तर काठी घेऊन या, आणि आईला आणू नका.

आणलीत तर तिचा काळा चष्मा विसरू नका.

तुमची,
ताई