नकार द्या, पण दोन ओळी लिहून द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका सरांचा लेख आला होता, की आता गल्लोगल्ली कवी झालेत, लिहिणारे उदंड आणि वाचणारं कुणी नाही, नवीन पोरं वाचायच्या आधीच लिहायला बसायलेत वगैरे. दोनदा वाचला, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. निम्मा पटला. जो निम्मा नाही पटला त्याच्यासाठी हे पत्र.

मी मानवतचा, जि. परभणी. कृषी सेवा केंद्रात कामाला आहे, दुकान मालकाचं. जूनमध्ये बियाणाच्या गर्दीत पाणी प्यायला टाइम नसतो आणि मार्च-एप्रिलला माशा मारायच्या, तर माझं सगळं लिखाण उन्हाळ्यातलं. आधी खत कंपन्यांच्या फुकटच्या डायऱ्या यायच्या त्यात लिहायचो, आता मोबाईलवर. बोलून टाइप करावं म्हणलं तर फोनला आपली बोली कळत नाही, "कामून आलास" (म्हणजे का आलास) म्हणलं की "कमवून आलास" उमटतं. त्याचं तरी काय चुकलं, घरचे पण तेच विचारतात.

तर वाचनाचं. वाचत नाहीत म्हणणं सोपंय, पण आमच्याकडं वाचायला मिळतं किती ते कुणी विचारत नाही. पुस्तकाच्या दुकानात गाईड आणि पोलीस भरतीचे पुस्तकं, कादंबरी मागितली की "ऑर्डर द्यावी लागंल". वाचनालय आहे, सकाळी सातला बाहेर चप्पल ठेवायला जागा नसती, पण सगळे भरतीवाले, स्वतःचे पुस्तकं आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येणारे. काचेच्या कपाटाकडं कुणी बघत नाही. त्यांना नावं ठेवायलो नाही, मी पण दोन वर्षं त्यांच्यातच बसून दोन मार्कांनी गेलो. तेव्हाच एक दिवस कंटाळून कपाट उघडायला लावलं आणि जो कथासंग्रह हाताला लागला त्याच्या मागं चिकटवलेल्या तारखेच्या कागदावर शेवटचा शिक्का १९९८ चा होता. मी चौथीत असताना कुणीतरी ते परत केलेलं, त्यानंतर थेट मी. त्या दिवसापासून भरती सुटली, कपाट नाही सुटलं.

आता मोबाईलवर बरंच आहे. विश्वकोश फुकट, राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे जुने पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट, मी कितीतरी तसेच वाचले, चष्मा लागला तो भाग वेगळा. अडतं ते नव्याचं. आपल्या बरोबरीचे लोक आत्ता काय लिहायलेत ते वाचायचं तर अंक मागवावे लागतात, आणि त्यात पोस्टाचं बघा, पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, वर टॅक्स. पुस्तकाला ते चांगलंच आहे. पण नियतकालिकं त्यात बसत नाहीत, आणि आमच्यासारख्याची पहिली कथा छापून येती ती नियतकालिकातच, एखाद्या त्रैमासिकात.

साहित्य संमेलनं आपल्याकडं झाली की. २०२० ला उस्मानाबादला ९३ वं, म्हणजे आताचं धाराशिव, आणि २०२२ ला उदगीरला ९५ वं, ते पण एप्रिलच्या उन्हात. दोन्हीला गेलो, स्टॉलवरून पिशवी भरून आणली, एसटीत मांडीवर घेऊन बसलो. पण कुठल्याही कविकट्ट्यावर जाऊन बघा, समोर जे बसलेले असतात ते सगळे आपला नंबर कधी येतो ते मोजत असतात. ऐकायला कुणी आलेलं नसतं. मी पण नव्हतो आलेलो, खोटं कशाला बोलू. एवढ्यापुरतं त्या सरांचं बरोबर आहे.

आता माझ्या पुस्तकाचं सांगतो, हसायचं असंल तर हसा.

व्हॉट्सअपच्या एका साहित्यिक ग्रुपवर एका प्रकाशकाची जाहिरात आली, नाव घेत नाही. ३०० प्रती, २८ हजार. त्या साली सोयाबीन बरं झालं होतं, वडलांकडून घेतले. वर आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबरचे, दीड हजार वेगळे. नंतर कळालं की तो नंबर दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून फुकट मिळतो. ते पण जाऊ द्या. माझ्या कथेतल्या पोराचं नाव सुऱ्या. मी मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं, त्यांनी ते डीटीपीच्या फॉन्टमध्ये नेलं आणि त्यात हा जो ऱ्या आहे तो मोडला. १४२ पानं सुऱ्याचा सुर्या झाला. शेतकऱ्याचा शेतकर्या झाला. बालाघाटच्या दऱ्या लिहिलं होतं तिथं बालाघाटच्या दर्या आलं, म्हणजे मराठवाड्यात समुद्र आणला माझ्या पुस्तकानं, जलयुक्त शिवारवाल्यांना पण जमलं नसतं. आणि कुणीतरी मधूनच बोली शुद्ध करून टाकलेली, तर सुऱ्याची आजी पहिल्या पानावर "कामून रं" म्हणती आणि तिसऱ्या पानावर "का रे बाळा". एका माणसानं, एकानंच, छापायच्या आधी ते सरळ वाचलं असतं तर हे दिसलं नसतं का? पैसे घेणाऱ्यानं वाचलं नाही, प्रूफ तर मला दाखवलंच नाही, आणि प्रकाशनाला आलेले पाहुणे मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून बोलले. "ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण." शाल, श्रीफळ, फोटो.

त्यानंतर पाचशे-पाचशे रुपये नोंदणी भरून दोन राज्यस्तरीय पुरस्कार पण घेतले मी. ट्रॉफ्या आहेत. बायको म्हणती दुकानात नेऊन ठेवा, धूळ तिथं आधीच आहे. २१० प्रती अजून गव्हाच्या कोठीवर.

आणि सगळ्यात लागलेली गोष्ट, साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना अनुदान द्यायची योजना आहे, हस्तलिखित मागवतात, तपासतात, पसंत पडलं तर पुस्तकाला पैसे देतात. हे मला पुस्तक छापून आल्यावर कळालं, आणि ही योजना पहिल्या पुस्तकासाठी असती. म्हणजे २८ हजार भरून मी ती पण घालवली. आमच्या ग्रुपवर दीडशे लोक आहेत, रोज सकाळी चारोळ्या पडतात, कुणाला माहिती नव्हती.

मग त्याच पुस्तकातली एक कथा एका रिटायर सरांना दिली, शाळेत मराठी शिकवायचे. आठ दिवसांनी बोलावलं. चहा झाला, पुस्तक समोर ठेवलं, सगळीकडं पेन्सिल. पहिल्या दीड पानावर आडवी रेघ मारलेली. म्हणले, "अरे, तुझा पाऊस दुसऱ्या पानावर पडायला लागतो, तवर मी आभाळाकडंच बघत बसू का?" मला राग आला, खरंच आला, गाडीला किक मारून सरळ घरी. रात्री ते दीड पान झाकून वाचलं तर कथा उभी राहिली ना राव. दहा वर्षं लिहायलो, तेवढ्यात मिळालेलं हे पहिलं खरं बोलणं.

लेखवाल्या सरांना माझं एवढंच म्हणणं आहे, नवीन पोरांना लिहू नका म्हणू नका, त्यांचं वाचा. तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एक रविवार असा ठेवा की चार जणांनी आपली कथा आणायची, दुसऱ्याची घरी न्यायची आणि पुढच्या महिन्यात पेन्सिलीनं रेघा मारून परत आणायची. हार नको, माईक नको, सूत्रसंचालन तर बिलकुल नको, अर्धा वेळ त्यातच जातो.

आणि साहेब, तुम्हाला पण एक. तुमच्या पुरवणीला मी आतापर्यंत चार कथा पाठवल्या. पोहोच नाही, नकार नाही, काहीच नाही. तुमच्याकडं ढीग येत असणार, मला कळतं, सगळ्यांना उत्तर द्यायला माणूस कुठून आणणार. पण महिन्यातून दहा जणांना तरी दोन ओळी लिहा, "शेवट फसलाय", "संवाद बरे आहेत, वर्णन कापा", एवढंच. नकाराचं वाईट वाटत नाही आम्हाला, सोयाबीनच्या भावानं सवय लावलीय.

चौथी कथा ऑगस्टात पाठवलेली आहे, सुऱ्याचीच, पहिलं दीड पान काढून. ऱ्या तेवढा नीट दिसायलाय का बघा.

आपला,
एक वाचक, मानवत (जि. परभणी)