लॉक म्हणजे खोळंबा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या नॅरोबोट (अरुंद, लांबट बोट) सहलींवर लेख आला होता. विषय छान, फोटो त्याहून छान. पण दोन विधाने खटकली. एक, लॉकमध्ये पंपाने पाणी भरून बोट वर उचलतात. दोन, लॉकपाशी फार वेळ मोडतो, म्हणून शक्यतो बिनलॉकचा टप्पा निवडावा. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली आणि गेल्या उन्हाळ्यात लेक-जावयाबरोबर ग्रँड युनियन कालव्यावर बोटीत राहून आलो आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पंपाचे. लॉक म्हणजे कालव्याची पातळी बदलते तिथे बोट चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेला, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगड-विटांचा हौद. वरच्या अंगाचे पाणी झडपेतून आत सोडले की हौद भरतो आणि बोट आपोआप वर येते. उतरताना तेच पाणी खालच्या अंगाला सोडायचे. ना वीज, ना इंजिन. दरवाज्याच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाणीच त्यांना दाबून धरते. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत पहिलवान आणला तरी दरवाजा तसूभर हलायचा नाही. लेखकांचा घोटाळा कशाने झाला असेल याचा अंदाज आहे. विल्टशरमधल्या केन हिलला 29 लॉकची माळ आहे आणि तिथे खाली गेलेले पाणी पंपाने पुन्हा माथ्यावर नेतात. पण ते वरचा कालवा कोरडा पडू नये म्हणून. बोटीला उचलते ते उताराने आलेले पाणीच.

आता खोळंब्याचे. नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये स्टोक ब्रुअर्न नावाचे गाव आहे. दक्षिणेकडून येताना गावात शिरण्याआधी कालवा सात लॉक चढतो. आम्ही रात्री पायथ्याशी बोट बांधली आणि सकाळचा चहा झाल्यावर निघालो. नॅरोबोट दोन मीटरच्या आसपास रुंद; इथले लॉक त्याच्या दुप्पट रुंदीचे, त्यामुळे दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. एका लॉकला दोन लाख लिटरहून जास्त पाणी लागते, तेव्हा जोडीने गेले की पाणी निम्मे वाचते. म्हणून लोक मागून येणाऱ्या बोटीसाठी थांबतात. आमच्या वाट्याला बारमाही बोटीवरच राहणारे एक वयस्क जोडपे आले. आजोबा सुकाणूवर; आजी कमरेला झडपा उघडायचे हँडल खोचून सायकलवर पुढे जात आणि आम्ही पोहोचेपर्यंत पुढचा लॉक रिकामा करून ठेवत. वय सत्तरीच्या पुढचे असावे. सूचना मात्र हेडमास्तरांच्या थाटात: झडप आधी अर्धीच उघडा, बोटी स्थिरावू द्या, मग पुरी!

त्या हँडलला विंडलास म्हणतात. काटकोनात वळवलेला लोखंडी तुकडा. तो खुंटीवर चढवून फिरवला की झडपेचा दांडा एकेक दाता वर सरकतो आणि खिट्टी टक्‌टक् वाजत राहते. खिट्टी बसलेली नसताना हात सोडला तर हँडल गरगर फिरून मनगट मोडू शकते, म्हणून जावई नातीला तिथे फिरकू देत नव्हता. तिचे आणि माझे काम दरवाज्याचे. दरवाज्याला जमिनीवर लांब आलेली जाड तुळई असते. तिला पाठ लावून मागे रेटायचे. पाय घसरू नयेत म्हणून जमिनीत अर्धवर्तुळात विटांच्या कडा उभ्या बसवलेल्या आहेत. रेटा लावून उभे राहायचे, काही होत नाही, नात विचारते, 'अडकलंय का?', आणि मग एका क्षणी ते भलेमोठे धूड पाठीमागे अलगद सरकू लागते. पातळी एक झाली हे डोळ्यांआधी पाठीला कळते. कागदावर आयुष्यभर पातळ्या मांडल्या. ही गंमत तिथे नव्हती.

यात खोळंबा कुठे आला? मधल्या टप्प्यात तशीही वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे. बांधलेल्या बोटींजवळून तर त्याहूनही हळू जायचे, नाहीतर त्यांचे दोर ताणतात आणि आतल्यांची बोलणी खावी लागतात. काठावरून कुत्रे घेऊन चालणारे लोक आम्हाला मागे टाकत होते. सौ. सुकाणूवर होत्या आणि खुशीत होत्या. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते, हे त्यांना माझ्याआधी जमले.

माथ्यावर जुन्या धान्यगिरणीत कालव्यांचे संग्रहालय आहे, ते जरूर बघावे. पुढचा ब्लिसवर्थ बोगदा 1805 साली खुला झालेला, जवळजवळ 2.8 किलोमीटर. आत काठाची वाट नाही, म्हणून पूर्वी बोटी ओढणारे घोडे डोंगरावरून चालवत नेत आणि माणसे फळीवर आडवी होऊन भिंतीवर पाय मारत बोट पुढे रेटत. आमच्याकडे इंजिन होते, तरी समोरून बोट आली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला.

लेखात सावधगिरीचा एक शब्द नाही, तोही हवा होता. लॉक उतरताना वरच्या दरवाज्याखाली पाण्यात दगडी उंबरा असतो. काठावर पांढरी रेघ मारलेली असते. बोटीची मागची बाजू तिच्या पुढेच ठेवायची. ती उंबऱ्यावर अडकली आणि पाणी उतरत राहिले तर बोट नाकावर कलंडते. बाकी भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही, देणारेच निघण्याआधी सगळे शिकवतात. बऱ्याच ठिकाणी कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचे स्वयंसेवकही मदतीला असतात. 2012 पासून इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे 2,000 मैल जलमार्गांचा कारभार या संस्थेकडे आहे. आम्हाला भेटलेले निवृत्त गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस लॉकवर येत आणि फुकट काम करायला मिळते म्हणून खूश होते. मला त्यांचा थोडा हेवाच वाटला.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन-चार तरी लॉक असलेलाच टप्पा घ्यावा. तळव्यांना पकड असलेले बूट न्यावेत. आणि पंपाबाबतची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे कर्मचारी