तीच पाखरं, तेच रान

वाइटम, ऑक्सफर्ड
18 मे

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "पीएचडीला हीच पाखरं मोजलीस, आता पुढची तीन वर्षंही हीच? आणि दुर्मिळ तरी आहेत का?" तेव्हा मी हसून टाळलं, पण रात्री घरट्यांसाठी टांगलेल्या पेट्यांच्या नोंदी भरताना तेच डोक्यात घोळत होतं.

दुर्मिळ मुळीच नाहीत. ग्रेट टिट इथल्या बागाबागांत दिसतो, वजन जेमतेम 18 ग्रॅम. आपल्याकडची राखी वल्गुली त्याची इतकी जवळची की पूर्वी दोघांना एकच जात मानत. पण हा पक्षी आपण टांगलेल्या पेटीत, हात पोचेल अशा उंचीवर, खुशाल घरटं करतो. दुर्मिळ पक्ष्याची पाच घरटी सापडली तरी नशीब. या वाइटमच्या रानात हजारावर पेट्या आहेत. पाच घरट्यांवरून काहीही सिद्ध करता येतं, हजारांवरून नाही.

पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी 1947 मध्ये इथे मोजणी सुरू केली. मादी आठ-नऊच अंडी का घालते, पंधरा का नाही, असा त्यांचा प्रश्न. नीट भरवता येतील तेवढीच, हे त्यांचं उत्तर. हवामानबदल त्या प्रश्नात कुठेच नव्हता. पण पहिलं अंडं कधी पडलं त्याची तारीख दर वर्षी लिहिली जात होती, आणि त्याच तारखांनी पुढे दाखवलं की 1960च्या दशकाच्या मानाने माद्या आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात. सगळा खेळ अळ्यांचा आहे. ओकच्या झाडांना पालवी फुटली की विंटर मॉथ या पतंगाच्या अळ्या तिच्यावर तुटून पडतात, आणि पिल्लं त्या अळ्यांवर वाढतात. हा सुकाळ थोडेच दिवस टिकतो. वसंत लवकर उबदार झाला की पालवी आणि अळ्या दोन्ही आधीच येतात. वाइटमच्या पाखरांनी बऱ्यापैकी मेळ साधला. नेदरलँड्समध्ये होगे वेलुवेच्या रानात मात्र तीच जात मागे पडली, अळ्यांचा सुकाळ पिल्लांच्या आधीच येऊन जाऊ लागला. अंडी कधी घालायची हे मादीला नेमकं कशावरून कळतं, शेजारच्या ओकवरून की आणखी कशावरून, हे मी शोधतेय.

"यातून कुठला जीव वाचला?" असं तुम्ही विचारणारच. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवर 1980 मध्ये ब्लॅक रॉबिन हे पक्षी फक्त पाच उरले होते, आणि अंडी घालणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. अंडी गेली तर मादी पुन्हा घालते, हे ठाऊक असल्यामुळे पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या डॉन मर्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी तिची अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवायला ठेवली. आजचे सगळे ब्लॅक रॉबिन तिचेच वंशज. माझ्या हातून असं काही घडेल असा माझा दावा नाही.

पहिल्या वर्षीची फजिती सांगितली नव्हती. ओळखीसाठी पाखराच्या पायात क्रमांकाचं कडं घालतो, त्यावरचा 3 मी 8 वाचला. कागदावर एक जिवंत मादी मेली आणि एक मेलेली पुन्हा नांदायला लागली. महिन्याभराने आकडेमोडीत ते उघडं पडलं, तेव्हा कान लाल झाले. आता कडं दोनदा वाचते, मोठ्याने.

बाकी तुम्हाला वाटतं तसं रान वर्षभर नसतं. वसंतातले काही आठवडे सोडले तर संगणक, आकडे आणि निधीचे अर्ज. मोजणी 1947 पासूनची, माझी नेमणूक तीन वर्षांची; पुढचं विचारू नका, मलाही माहीत नाही. हे लिहिताना वाटतं तेवढं हलकं नाही.

आई, गोचिडी रोज संध्याकाळी अंगभर तपासते, काळजी नको.

या रविवारी फोन रात्री उशिरा करेन. पावसात दोन दिवस गेले आणि ओळीने बारा पेट्यांतली पिल्लं पंधरा दिवसांची झाली आहेत. कडी आत्ताच घालायला हवीत. आणखी उशिरा पेटी उघडली तर पिल्लं घाबरून वेळेआधीच बाहेर उडी मारतात.

तुमची,
धाकटी